घोटभर ताक

मृणालिनी दारात उभी होती. हातात स्टीलचा डबा, आणि नजर उर्मिलाकडे सोडून बाकी सगळीकडे.

"डॉक्टर म्हणाले, आता ताक-भात चालेल," ती म्हणाली. "क्षितिजा डेअरीचं पीत नाहीये. तुमचंच पाहिजे म्हणतेय."

उर्मिलाला बरं वाटलं, उगाच कशाला लपवा. चार दिवस समोरचं दार तिला बंद होतं. एरवी मृणालिनी आणि तिचा नवरा अंधेरीला कामावर गेले की त्यांच्या लेकीला, क्षितिजाला दिवसभर सांभाळायची ती उर्मिलाच. पोरीला पहिली उलटी झाली तीही हिच्याच मांडीवर. हिनंच तिला उचलून डॉक्टरकडे पळवलं होतं.

पेणकरपाड्याच्या त्या बिल्डिंगमध्ये १ मेच्या सत्यनारायणाला सगळे एकत्र जेवले होते. सेक्रेटरी गुणवंतभाईंनी ठरवलेला कॅटरर, त्याची बासुंदी, आणि उर्मिलानं घरी घुसळून दिलेलं पातेलंभर ताक. ताकाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. कोल्ड्रिंकच्या बाटल्या होत्या ना. क्षितिजाला तर सर्दी होते म्हणून आईनं ताक कधी पिऊच दिलं नव्हतं. पोर बिचारी रोज दुपारी उर्मिलाच्या मुलाच्या, शिवाच्या ताकाच्या पेल्याकडे बघत बसायची. उरलेलं ताक उर्मिलाच्या घरानं संपवलं. बासुंदी त्यांनीही खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी अख्खी बिल्डिंग आडवी झाली, उर्मिलाचं घर तेवढं उभं राहिलं.

क्षितिजाला तपासताना डॉक्टरांनी सहज विचारलं, तुम्हाला काही त्रास? नाही, आम्ही रोज ताक पितो, असं उर्मिलानं सांगितल्यावर म्हणाले, त्यानंही पोट सांभाळलं असेल, पण खात्री नाही देत. ती खात्रीची गोष्ट उर्मिलानं दवाखान्यातच ठेवली आणि बाकीचं जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली. आम्हाला ताकानं वाचवलं. बाईचा जिभेवर ताबा असता तर पुढचं काही झालंच नसतं.

गुणवंतभाईंना तेवढंच पुरलं. कॅटरर त्यांचाच मेहुणा. "सब बीमार, और छास बनानेवाली के घर में किसी को कुछ नहीं?" एवढंच ते जिन्याखाली म्हणाले. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तोंड भाजलं बासुंदीनं, आणि फुंकायला सगळ्यांना उर्मिलाचं ताक सापडलं. ज्यांनी त्या दिवशी थेंबही चाखला नव्हता, त्यांनाही ते आता नासकं लागलेलं आठवत होतं.

उर्मिलानं डब्यात ताक ओतलं. मीठ पोरीला सोसेल इतकंच घातलं आणि डबा पुढे केला. मृणालिनीनं तो घेतला नाही.

"आधी तुम्ही घ्या ना थोडं," ती हळूच म्हणाली. "राग मानू नका, उर्मिलाताई."

राग आलाच. जिची ओकारी ओंजळीत झेलली, त्या पोरीला मी काय विष घालणार? शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात समोरच्या घरातून, बापाशेजारी पडलेल्या क्षितिजाचा बारीक आवाज आला.

"मावशी, ताक देतेस ना?"

उर्मिलानं डब्यातलंच ताक पेल्यात ओतलं, घटाघटा प्याली आणि रिकामा पेला उलटा करून दाखवला.

"न्या आता, वहिनी. वाट बघतेय ती."

मृणालिनीनं डब्याला हात लावला नाही. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"थोडा वेळ बसते," ती म्हणाली.

कशासाठी, ते उर्मिलाला कळायला क्षणभर लागलं. तिनं सवयीनं विचारलं, चहा टाकू का. नको, नको, मृणालिनी घाईघाईनं म्हणाली. खोलीत उकडत होतं. उर्मिलानं टेबलफॅन तिच्याकडे वळवला, आणि स्वतःच्या पोटात दुखायची वाट बघत समोर बसून राहिली.