मावेल तेवढंच

सीसीटीव्ही ऑपरेटर पेन ड्राइव्हवर अपघाताचं फुटेज उतरवायला बसला. यंत्रात सापडून मेलेल्या त्याच्या मित्राची बायको ते वकिलाकडे न्यायला बाहेर बाकावर थांबली होती. “पेन ड्राइव्हला कुठला फॉरमॅट?” मॅनेजरने विचारलं. “नवा, साहेब. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतो, मोठी फाईलही घेतो.” “जुना टाक.” “त्यात एवढी मोठी फाईल मावणार नाही.” “मग मावेल तेवढीच दे.” मॅनेजरचं बोट पडद्यावर टेकलं. तिथे मॅनेजर स्वतःच त्या मित्राला यंत्राची संरक्षक जाळी काढायला लावत होता. “याच्या पुढचं घे. विचारलं तर सांग, मावलं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” ऑपरेटरने बोटाच्या पुढचं तेवढंच उतरवलं. फुटेजमधून जाळी गेली, मरण तेवढं उरलं. बाहेर येऊन त्याने पेन ड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. “भावजी, वकिलांच्या कॉम्प्युटरवर उघडेल ना?” “हो वहिनी,” खाली बघत तो म्हणाला, “सगळीकडे उघडेल.”