जिन्यावरून पडल्याची खूण

माझ्या मेंदूच्या स्कॅनमध्ये काळा डाग दिसला आणि डॉक्टरांना गाठीचा संशय आला, तेव्हा आईपेक्षा बाबाच जास्त खचले. प्रत्येक तपासणीला ते सोबत यायचे, एका हातात माझी फाइल घेऊन आणि दुसऱ्या हाताने घसरणारी पँट सावरत. पट्टा काचतो म्हणून ते कधीच लावत नाहीत, आणि त्यावरून घरात त्यांची कायम टिंगल चालते.

ऑपरेशनआधी मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचा साधा एक्स-रे काढून घेतला आणि तो बघून ते आई, बाबा आणि माझ्यासमोर चक्क हसले.

"गाठबिठ काही नाही. कपाळाच्या कातडीखाली लोखंडाचा बारीक तुकडा अडकलाय. स्कॅनच्या मशीनमध्ये चुंबक असतं, त्यामुळे तुकड्याच्या आजूबाजूचं सगळं काळं दिसतं. डोक्याला कधी लागलं होतं?"

माझ्या जिवात जीव आला. "तीन वर्षांची असताना जिन्यावरून पडले होते," मी सांगितलं. कोणत्या पायरीवरून, तेसुद्धा आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

"जिना लोखंडी होता?"

"नाही, लाकडी."

डॉक्टरांनी पडद्यावर तुकडा मोठा करून बघितला. "पट्ट्याच्या बकलाला काडी असते ना, तिचं मोडलेलं टोक वाटतंय."

मी बाबांकडे वळले. त्यांनी मान खाली घातली होती.

बोलली ती आई, आणि तीही माझ्यावरच डाफरत: "अगं, त्या दिवसानंतर त्यांनी कधी पट्टा लावलाय का?"