ह्यूमन, न्यूक्लिअर, ट्रान्सपोर्ट

“ह्यूमन. न्यूक्लिअर. ट्रान्सपोर्ट.” कस्टमच्या साहेबांनी खोक्यावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “माणसं, अणू आणि वाहतूक. बाई, यातला एकच शब्द मला पुरेसा होता. तुम्ही तिन्ही एकाच खोक्यात आणलेत.”

संशोधक बाईंनी खोक्यावर हात ठेवला. खोक्यात थर्माकोल, थर्माकोलात कोरडा बर्फ आणि बर्फात करंगळीच्या पेराएवढी कुपी होती. बर्फ उडत चालला होता. तो संपला की कुपीतलं प्रथिन नासणार. ते पुन्हा मागवायचं, तर प्रयोग पुढच्या वर्षावर जाणार.

“साहेब, हे अणूचं न्यूक्लिअर नाही. आपल्या शरीरातल्या पेशीत मधोमध एक खोली असते, केंद्रक. तिला दारं असतात. हे प्रथिन म्हणजे तिथला हमाल. ज्या मालावर चिठ्ठी असेल, तोच आत नेतो.”

“माल. चिठ्ठी. हमाल.” साहेबांनी मान डोलावली. “भाषा ओळखीची आहे. आणि ह्यूमन? कुठल्या माणसाचं?”

“कुठल्याच नाही. कृती माणसाच्या जनुकातली, पण बनवलंय जिवाणूंनी.”

“म्हणजे बनावट!”

बाकावर बसलेल्या सासूबाईंना राहवेना. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परस्पर इकडेच आल्यामुळे त्यांच्या डोळ्यांत थेंब होते आणि थेंबांवर काळा चष्मा.

“साहेब, आमची सून खोटं बोलत नाही हो,” त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. “मी केलेली भाजी कशी झाली विचारलं, तरी खरं सांगते.”

साहेबांनी काळ्या चष्म्याकडे नीट पाहिलं. संशय कमी झाला नाही.

“तज्ज्ञांचं मत आल्याशिवाय मी हे खोकं सोडणार नाही.”

“पण साहेब, मीच तर—”

“तुम्ही पक्षकार, बाई. तज्ज्ञ वेगळे असतात.” बाईंच्या संस्थेच्या पत्रावरचा शिक्का तेवढा बघून, त्यातलं नाव न वाचताच त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

खोकं मेजावरच राहिलं. सासूबाई चाचपडत उठल्या आणि पदराने त्याला वारा घालू लागल्या.

“आई, नका! वाऱ्याने बर्फ आणखी लवकर उडेल.”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“नमस्कार, डॉक्टर मॅडम!” आवाज मधाळ होता. “आपल्या संस्थेने आपला नंबर दिला. या विषयात आपल्या तोडीचं कोणी नाही म्हणाले. एका संशयास्पद खोक्याबद्दल जरा मार्गदर्शन हवं होतं.”

मध फोनमधून ठिबकत होता आणि थोडाथोडा बंद दारामागूनही. बाई लगबगीने जिन्यापाशी गेल्या. खरं काय ते सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. मग त्यांनी मेजावरच्या खोक्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

“असं बघा,” त्या सावकाश म्हणाल्या, “पेशीत मधोमध एक खोली असते, केंद्रक. तिला दारं असतात. हे प्रथिन म्हणजे तिथला हमाल. ज्या मालावर चिठ्ठी असेल, तोच आत नेतो.”

“वा! लहान मुलालाही कळेल. आणि ह्यूमन?”

“कृती माणसाच्या जनुकातली, पण बनवलंय जिवाणूंनी.”

“काय ही विज्ञानाची किमया! धोका काही?”

“एकच. बर्फ संपला की ते नासेल, आणि मग आमची संस्था कारण विचारेल.”

“आत्ता सोडतो, मॅडम. आत्ता!”

“कोण गं?” बाई मेजापाशी परतताच सासूबाईंनी विचारलं.

“साहेब.”

“कुठले?”

“आतले.”

सासूबाईंना जे कळायचं ते कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

दार धाडकन उघडलं. साहेबांनी खोक्यावर शिक्का हाणला आणि ते बाईंकडे सरकवलं.

“नशीब समजा, एक खरोखरीच्या जाणकार बाई फोनवर भेटल्या,” ते म्हणाले. “तुमच्याच संस्थेत असतात. जमलं तर त्यांच्या हाताखाली काम करा. चार गोष्टी शिकाल.”