उंबरठ्यावरचं माप

"उजव्या पायानं, हळूच लवंडायचं हं," आतेसासूबाई म्हणाल्या. उंबरठ्यावर तांदळानं भरलेलं पितळी माप होतं आणि पलीकडे सासर. शर्वरीनं मान डोलावली. लग्नाला सासूबाईंची एकच अट होती, फुटबॉल बंद. बूट धाकट्या बहिणीला देऊन झाल्यापासून तिनं पायानं साधं लिंबूही उडवलं नव्हतं. पाय मात्र झोपेत खेळायचे.

कोच म्हणायचे, "जागा दिसल्यावर विचार करते ती चांगली फॉरवर्ड. जिचा पाय आधी जातो न् विचार मागनं येतो, ती थोर." उंबरठ्यापलीकडे उभा दीर आणि फ्रिज यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

पाय आधी गेला, तोही डावा. माप दिराच्या कानाजवळून वळून थेट मोरीत पडलं. अक्षता दिराच्या डोक्यावर पडल्या. त्याचं अजून ठरायचं होतं. क्षणभर शर्वरीला मैदानाचा गलका ऐकू आला. मग घरातली शांतता ऐकू आली, आणि डोळे भरून आले.

सासूबाईंनी माप आणलं, भरलं, पुन्हा उंबरठ्यावर ठेवलं. मग पदर खोचून, हात पसरून त्या दारात उभ्या राहिल्या.

"मार आता. मला चुकवून कसं जातंय बघू."