तीन बाजूंची चौकट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टेम्पोतून चौकट उतरली. दोन उभे पाय होते, वर आडवी पट्टी होती आणि खाली काहीच नव्हतं.

राजाबाईने तिच्याभोवती एक फेरी मारली. "मिस्तरी, उंबरा मागच्या टेम्पोत हाय काय?"

महिपती सुताराच्या हातातला टेप तसाच राहिला. मागे टेम्पो नव्हता. अकरा वर्षांत त्याने चार हजारांवर चौकटी केल्या होत्या, सगळ्या बदलापूरच्या टॉवरसाठी. फ्लॅटला उंबरा लागत नाही, खाली लादी येते. हात सवयीने चालले होते.

मुहूर्त अकरा चाळीसचा होता. बारवीच्या रस्त्याकडच्या त्या वाडीत पाच घरं एकदमच जोत्यापर्यंत आली होती. पहिली चौकट राजाबाईची. ती नीट बसली तर उरलेली चारही तुमचीच, असं तिचा मुलगा सखा फोनवर बोलला होता. टॉवर सातव्या स्लॅबला अडकल्यापासून मोरिवलीच्या कारखान्यात मशीनवर प्लास्टिक घातलेलं होतं. दोन महिन्यांतली ही पहिली ऑर्डर.

शेजारच्या जोत्यावर त्या घराचा मालक कैलास बसला होता. तो हसला. "तरी मी बोललो होतो, सखा. उल्हासनगरला लोखंडी मिळते, रेडिमेड. वाळवी नाय, कटकट नाय."

"कैलासशेठ, लोखंडी चौकटीला तोरण लावायला चुंबक लागेल," महिपती म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"खाली सिमेंट ओढा आणि वर एक फळी ठोका," सखाने सुचवलं. "कोण बघतंय?"

"मी बघतोय," महिपती म्हणाला.

मागे जुन्या घराची लाकडं रचून ठेवली होती. महिपतीने त्यातला उंबरा ओढून काढला. साग होता. मध्यभागी पावलांनी झिजून खोलगट झालेला. त्याने तो नखाने टोकरला, हातोडीने वाजवून पाहिला, मग उलटा केला. खालची बाजू करवतीखालून निघाली तशीच सपाट होती.

राजाबाई पुढे आली. "उलटा उंबरा लावतात काय रं?"

"उलटा नाय, मावशी. एक बाजू तुमची वापरून झाली. ही नातसुनेची."

राजाबाईने क्षणभर उंबऱ्याकडे पाहिलं. "मंग बसलास काय? वाजले किती?"

शुक्रवार होता, दुरुस्तीचा दिवस, त्यामुळे लाइट नव्हती. टेम्पोतून आणलेलं कटर पिशवीतच राहिलं. महिपतीने करवत आणि पटाशी काढली. लादीत गाडण्यासाठी चौकटीचे पाय दोन इंच जास्त ठेवलेले होते. त्या दोन इंचांतून उंबऱ्याच्या खाचेत बसणारी कुसं काढायची होती. रेष चुकली तर पाय आखूड, आणि चौकट चुलीत.

हाताने कुसू त्याने शेवटचं कधी काढलं होतं, ते त्याला आठवेना.

"दहा वाजले, मिस्तरी," कैलासने जोत्यावरून सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मशीनची सवय लागली की मनगट जातं, असं ऐकलंय."

महिपतीने करवत रेषेवर टेकवली. पहिलं कुसू निघेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला. दुसऱ्याला वेळ निम्मा लागला. उंबऱ्यातली पहिली खाच पाडून झाली तेव्हा कैलास जोत्यावरून उतरला होता. दुसरीच्या वेळी उंबरा हलू नये म्हणून तो त्यावर पाय देऊन उभा होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

अकरा एकतीसला महिपतीने उंबरा चौकटीच्या पायांखाली धरला आणि लाकडाचा ठोकळा ठेवून तीन ठोके दिले. कैलासने वाकून सांध्यात नख घालून पाहिलं. नख गेलं नाही. त्याने दुसऱ्या बाजूलाही घालून पाहिलं.

अकरा चाळीसला चौकट उभी राहिली. ओळंबा सोडला, तो हलला नाही. राजाबाईने हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सुताराचा मान म्हणून टॉवेल, टोपी नि विडा ताटात घालून पुढे केला.

"मजुरी घेईन, मावशी. मान नको."

"का? कमी वाटला?"

"उंबरा विसरून आलेल्याला मान नसतो." महिपती पटाशी पुसत होता. "पावसाळा जाऊ द्या. लाकूड फुगतं, दार अडतं. भाद्रपद संपेपर्यंत माझं दार अडलं नाही, तर बोलवा. तेव्हा टोपी घालीन."

सखाने डोक्याला हात लावला. ताट पुढे असताना, आणि चारही घरवाले उभे असताना, हे बोलायची काय गरज होती?

कैलासने संधी सोडली नाही. "असं असेल तर माझी चौकटपण भाद्रपद संपल्यावरच बघू."

"बघा," महिपती म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावली.

आज श्रावणातला दुसरा रविवार. मोरिवलीच्या मशीनवरचं प्लास्टिक निघालेलं नाही. काल संध्याकाळी महिपतीला सखाचा फोन आला होता. आठ दिवस पावसाने उघडीप दिलेली नाही. आई रोज सकाळी एका बोटाने दार लोटून बघते, आणि कालपर्यंत ते न अडता लागत होतं. रांगेतल्या दोघांनी लोखंडी चौकटी आणून बसवल्या. कैलासच्या घराला भिंती झाल्या, छप्पर झालं. दाराच्या जागी ताडपत्री आहे.