आयुधपूजेचा फोटो

बेंगळुरूच्या पीण्यातल्या आमच्या संगणक वर्गात आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, होती. मॅडमच्या कंप्युटरला झेंडूची माळ घातली होती. निपाणीच्या शालनअक्का शेजारी ऐटीत उभ्या राहिल्या. शेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला, त्या कालच संगणकाच्या परीक्षेत पास झाल्या होत्या. मी फोटो काढला. “ग्रुपवर टाकतो, तीनशे माणसं बघतील!” अक्कांनी मोबाइलमध्ये डोकावून माझा हातच धरला. “अय्यो, टाकू नकोस!” “पदर सरळ आहे की, अक्का.” “पदराचं राहू दे, माळेच्या मागं बघ!” तिथल्या चिठ्ठीवर मॅडमचा पासवर्ड होता. “सगळ्यांचे मार्क ह्या कंप्युटरातच आहेत. माझे कुणी पुसले तर?” मॅडमनी जीभ चावली, फोटो पुसायला लावला, चिठ्ठी फाडली. त्या नवा पासवर्ड टाकायला बसल्या. “पासवर्ड टाकताना कुणी बघायचं नाही, तुम्हीच शिकवलेला नियम!” अक्का ओरडल्या. “तोंडं फिरवा!” निरांजन पेटलेलंच होतं. सगळ्यांनी कंप्युटरकडे पाठ केली आणि तशीच आरती सुरू केली.