पाचशे सदरे

आठ महिन्यांनी दुकानातलं मशीन खडखडलं आणि शिंपीण दारातूनच ओरडली, "मावशी, धावत या! पाचशे सदऱ्यांचं काम आलंय, पाचशे!"

पलीकडच्या खोलीतली काजबटणवाली मावशी एकाच पायात चप्पल घालून धावत आली. कारखाने बंद पडल्यापासून नवे कपडे शिवतंय कोण? आता मात्र जमीन दिसेना, नुसतं एका रंगाचं कापडच कापड. नव्या पक्षाचे सदरे होते, गावातल्या रिकाम्या पोरांना फुकट वाटायचे. शिंप्याचा पाय थांबेना, शिंपिणीची इस्त्री निवेना. मावशी शेवटचं बटण लावून दाताने दोरा तोडायची आणि प्रत्येक सदऱ्याला सवयीने म्हणायची, "ज्याच्या त्याच्या अंगाला लाभो गं बाई!"

"मावशी, आशीर्वाद आवरा, अजून चारशे राहिलेत!" शिंपी हसून म्हणायचा.

चौथ्या दिवशी पक्षाचा माणूस पाहणीला आला. त्याने एक बटण जोरात ओढलं, ते हातातच आलं. "छे, दुहेरी दोरा चालायचा नाही. झटापटीत टिकायला हवं."

"झटापट कुणाशी हो?" शिंपिणीने विचारलं.

"बाहेरून येऊन आपली कामं खाणाऱ्यांशी. रविवारी त्यांच्या खोल्या रिकाम्या करायच्यात."

मशीन थांबलं. मावशी वीस वर्षांपूर्वी बाहेरूनच आली होती, हे त्या चौघांपैकी तिघांना ठाऊक होतं.

मग मावशीने सुईत चौपदरी दोरा ओवला, बटण घट्ट बसवलं, दाताने दोरा तोडला, आणि पहिल्यांदाच काही म्हणाली नाही.